मेंदूच्या देठातली श्वासाची गाठ

येरवडा म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो. १९२४ च्या जानेवारीत याच तुरुंगात महात्मा गांधींचे पोट असह्य दुखू लागले. आंत्रपुच्छाला सूज आली होती. १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मखाली त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, मग विजेरीही विझली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

अशा वेळी चाकू चालवणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहते. पण क्लोरोफॉर्म हुंगवणाऱ्याचे काम तितकेच जोखमीचे. थेंब जास्त पडले तर झोपलेल्या माणसाचा श्वासच थांबायचा. असे का होते, ते आपल्याला जनावरांनी शिकवले आहे.

तुम्ही कोंबडे कापताना पाहिले असेल. मान तुटली तरी हृदय काही वेळ धडधडत राहते, कारण त्याचा ठोका त्याच्या आतच असतो. फुप्फुसाचे तसे नाही. तो नुसता भाता. तो ओढणारा लोहार बसतो मेंदूत, आणि तोही वरच्या मोठ्या मेंदूत नव्हे, तर मेंदू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जिथे जोडला जातो त्या देठात. ल गॅल्वा नावाच्या फ्रेंच डॉक्टराने सशांवर प्रयोग करून १८१२ साली हे प्रसिद्ध केले. वरचा मेंदू काढला तरी ससा श्वास घेत राही. देठातल्या एका ठरावीक जागी सुरी पोचली की श्वास बंद. या भागाला लंबमज्जा म्हणतात.

पुढे १९९१ साली उंदराच्या पिलांच्या देठाची पातळ चकती काढून ती बशीत जिवंत ठेवली, तर तीही श्वासाचा ताल धरून इशारे देत राहिली! त्या इवल्याशा पुंजक्याला ‘प्रीबॉट्झिंगर’ असे नाव आहे. हे कोणा पंडिताचे नाव नव्हे बरे का; शेजारच्या पुंजक्याचे बारसे एका जर्मन द्राक्षदारूच्या बाटलीवरून झाले, त्यावरूनच हे आले. आपल्याकडे शोध लागता तर कदाचित नाशिकचे नाव लागले असते.

हा लोहार रक्ताची चव घेत असतो. बैल ओझे घेऊन घाट चढला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, देठाला ते कळते आणि भाता जोरात चालतो. बैलाला काही ठरवावे लागत नाही.

आता क्लोरोफॉर्मकडे येऊ. १८८८-८९ साली हैदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता तिथे, डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या पैशाने शेकडो जनावरांवर प्रयोग करवले. त्यांनी निकाल दिला, आधी श्वास थांबतो, मग हृदय. म्हणून श्वासावर नजर ठेवा. निकाल अर्धाच खरा होता. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी दगा देऊ शकते, हे १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले. पण श्वास पाहण्याची शिकवण मात्र टिकली.

ती तुमच्या गोठ्यातही उपयोगी पडते. वासरू पडले आणि श्वास घेईना, तर नाकातोंडातला चिकटा पुसा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, कोरड्या पोत्याने छाती चोळा, डोक्यावर थोडे गार पाणी शिंपडा. जुनी माणसे हेच करत. काडीची गुदगुली मज्जातंतूंतून थेट देठापर्यंत जाते आणि तिथली गाठ जागी होते.

आणि फवारणीच्या दिवसांत हे विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशके याच गाठीला गुंगी आणतात. त्यात छातीचे स्नायू लुळे पडतात आणि फुप्फुसात पाणी साचते. म्हणून फवारणाऱ्याला घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झाली, तर ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून झाडाखाली निजवून ठेवू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कुशीवर वळवून तडक दवाखाना गाठा. वाटेत एकाने त्याच्या छातीकडेच पाहत राहावे. औषधाचा डबा बरोबर घ्या; कोणते विष ते डॉक्टरांना त्यावरून कळते.