मशीन घरातच, पैसे मात्र गेले

"दादा, मशीन घरातच आहे आणि पैसे मात्र गेले," असे म्हणून त्या ताई आमच्यासमोर खाली बसल्या. वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी सायंकाळी आम्ही काही कार्यकर्ते लोकांचे अर्ज, दाखले, बँकेची पत्रे लिहून देतो. दिवसभर कचेरीत कारकुनी करणाऱ्याला ते काम जमते. पण त्या सायंकाळी काय लिहावे, हे आम्हालाही क्षणभर सुचेना.

ताईंची पायाने चालवायची शिलाई मशीन होती. मोटारीची नवी घेतल्यावर जुनी अडचणीची होऊ लागली. मुलाने फोटो काढून मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकला, किंमत साडेसहा हजार. तासाभरात फोन आला. "मी फौजेत आहे, तुमच्या शहरात बदली झाली आहे, पत्नीसाठी मशीन पाहिजे." त्याने घासाघीस केली नाही, मशीन पाहायलाही मागितली नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र मात्र पाठवले. मग म्हणाला, "मी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." आधी पाच रुपयांची चाचणी झाली. पाच गेले, लगेच दहा आले. विश्वास बसला. नंतर साडेसहा हजारांचा कोड आला आणि पिन टाकताच तेवढे पैसे खात्यातून गेले. "चूक झाली, दोन्ही रकमा परत करतो, पुन्हा स्कॅन करा," असे सांगून त्याने आणखी साडेसहा हजार नेले. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले तेरा हजार पाच मिनिटांत गेले. ताईंनी नऊ दिवस घरात कोणालाही सांगितले नाही.

त्या ताई अडाणी नाहीत. महिला बचत गटाचा हिशेब त्या रुपयाला रुपया लावून ठेवतात. मग फसल्या कशा? आमच्या मते ठग दोन गोष्टींवर जगतो. एक आपली घाई आणि दुसरी आपली लाज. घाईमुळे पैसे जातात आणि लाजेमुळे ते परत येत नाहीत.

जुनी वस्तू घेणे-विकणे आपल्याला नवे नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी माणूस वस्तू उलटीपालटी करून पाहतो, चालवून बघतो, विक्रेत्याच्या तोंडाकडे बघतो आणि मगच खिशात हात घालतो. मोबाईलवरच्या बाजारात वस्तू फोटोत आणि माणूस फोनवर असतो. म्हणून सोय घ्यावी मोबाईलची, पण व्यवहार करावा जुन्या बाजारासारखा. वस्तू समोर, माणूस समोर, मग पैसे.

पैसे घेताना पिन लागत नाही

यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि भाजीवाल्यापासून सर्वांच्या हाती आले. त्यातली एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. पिन म्हणजे बँकेतून पैसे काढण्याच्या स्लिपवरची आपली सही. दुसऱ्याने आपल्या खात्यात पैसे भरायचे तर आपली सही लागते का? तसाच पिनही लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाका किंवा कोड स्कॅन करा, असे जो म्हणेल तो ठगच समजावा. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून 'पैसे मागण्याची' सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तो एक चोरदरवाजा बुजला. परंतु कोडचा आणि गोड बोलण्याचा दरवाजा उघडाच आहे.

दुसरे असे की, 'पैसे पाठवले' हा समोरच्याच्या मोबाईलवरचा फोटो किंवा आलेला संदेश म्हणजे पैसे नव्हेत. तसे खोटे फोटो आणि संदेश तयार करता येतात. आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः पाहावी, मगच वस्तू हातातून सोडावी. कोणी सांगितले म्हणून मोबाईलमध्ये कसलेही अ‍ॅप उतरवून घेऊ नये.

घेणाऱ्याने काय पाहावे

बाजारात वीस हजारांना जाणारी वस्तू कोणी आठ हजारांना देत असेल, तर आधी 'का' असे विचारावे. वस्तू पाहण्यापूर्वी आगाऊ रक्कम, गाडीभाडे, 'बुकिंग' यांसाठी एक रुपयाही देऊ नये. भेट दिवसा आणि वर्दळीच्या जागी ठेवावी. भगिनींनी सोबत कोणाला तरी घ्यावे.

मोबाईल घ्यायचा असेल तर बिल मागावे. त्यावर *#०६# दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो बिलाशी जुळवावा. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा, किंवा सरकारच्या 'संचार साथी'वर तपासावे. मोबाईल चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते. हे का करावे? १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व असे की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला मिळत नाही. चोराची मालकी नाही, म्हणून घेणाऱ्याचीही नाही. शिवाय चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

आपला मोबाईल विकताना सिम आणि कार्ड काढावे, आपली खाती बंद करावी आणि सर्व माहिती पुसून मगच द्यावा.

दुचाकी दिली, नाव मात्र आपलेच

विकणाऱ्यांची मोठी चूक इथे होते. पैसे घेऊन चावी दिली की काम संपले असे वाटते. नोंदणी मात्र आपल्याच नावावर राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी पुढे विकलेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावे. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. 'बघू नंतर' म्हणणाऱ्याला चावी देऊ नये.

लाज कोणी बाळगावी?

आता सर्वांत महत्त्वाचे. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, ठगाचा मोबाईल क्रमांक आणि संदेश पुसू नयेत. बँकेलाही लगेच कळवावे, पण तिचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डामागून घ्यावा. इंटरनेटवर शोधलेला 'मदत क्रमांक' दुसऱ्या ठगाचाही असू शकतो.

पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतात. ते पळण्याआधी गोठवले तरच हाती लागतात. आमच्याच वस्तीतल्या एका विद्यार्थ्याने जुन्या लॅपटॉपसाठी चार हजार आगाऊ भरले. फसलो हे कळताच अर्ध्या तासात त्याने १९३० ला फोन केला. रक्कम ठगाच्या खात्यातच अडकली आणि काही महिन्यांनी परत मिळाली. ताईंची तक्रार आम्ही दहाव्या दिवशी लिहिली. तोवर खाते रिकामे झाले होते. दोघांत हुशारीचा फरक नव्हता. तो लगेच बोलला, ताई बोलल्या नाहीत, एवढाच फरक.

त्या का बोलल्या नाहीत? "घरात सगळे म्हणाले असते, तुला कोणी सांगितले होते मोबाईलवर उद्योग करायला!" असे त्या म्हणाल्या. वाचक बंधूंनो, हे वाक्य आपल्या घरात कोणाच्या तोंडी येते, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे. लाज फसवणाऱ्याने बाळगावी, फसलेल्याने नव्हे. घरात रागावणारे कोणी नसते, तर त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले असते.

पुढच्या महिन्यात मशीन विकली गेली. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी शिवणकाम शिकते आहे, तिने दोन बाह्या शिवून पाहिल्या आणि सहा हजार मोजून दिले. पावती आम्ही लिहिली. दोघींची नावे, पत्ते, मशीनचा क्रमांक, तारीख. पाच हजारांवरची रक्कम म्हणून एक रुपयाचे महसुली तिकीट लावले. त्यावर ताईंनी सावकाश सही केली. मुलगी घाई करू लागली तेव्हा ताईच म्हणाल्या, "थांब गं, आधी पावती वाचून बघ."