वाळलेल्या काचेचा फोटो

१८५१ नंतर फोटो काढायला निघालेल्या माणसाला कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबूही न्यावा लागे. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो घेऊन डेव्हलपही करायची. वाळली की पापुद्रा घट्ट होई, डेव्हलपर आत शिरत नसे.

इंग्लंडमधले डॉक्टर रिचर्ड लीच मॅडॉक्स सूक्ष्मदर्शकातून फोटो काढत. कोलोडियनमधल्या ईथरच्या वाफांनी त्यांची प्रकृती ढासळू लागली. काम चालू ठेवायचे तर कोलोडियन सोडणे भाग होते. त्यांनी जिलेटिन घेतले. हाडे-कातडी उकळून मिळते तेच. कोमट जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण तयार करून ते काचेवर पसरले आणि वाळवले. ८ सप्टेंबर १८७१ रोजी ही कृती त्यांनी प्रसिद्ध केली. पेटंट घेतले नाही.

जिलेटिनच का? चिमूटभर जिलेटिन थंड पाण्यात टाकून आपण वर्गातच पाहू शकतो. ते फुगते, पण विरघळत नाही. डेव्हलपरमध्येही असेच घडते: द्रावण कणांपर्यंत पोहोचते, कण मात्र जागचे हलत नाहीत.

मॅडॉक्स यांच्या काचा फार मंद होत्या. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी हे मिश्रण कित्येक दिवस कोमट ठेवले. त्यात लहान कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर बसतात. मोठा कण जास्त प्रकाश टिपतो. शिवाय प्रकाशाचे थोडेसे काम झाले, की डेव्हलपर त्या अख्ख्या कणाची चांदी करतो. उजेडात सेकंदाचा काही भागही आता पुरू लागला, आणि कॅमेरा तिवईवरून हातात आला.