चंद्राची लाडकी रोहिणी

दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, पण चंद्र रमला तो एकट्या रोहिणीच्या घरी. बाकीच्या बहिणींनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं. दक्षाने क्षयाचा शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. पुढे प्रभास तीर्थावर उःशाप मिळाला: पंधरवडाभर झिजायचं, पंधरवडाभर भरायचं.

आकाशदर्शनाला आलेल्या मुलांना ही गोष्ट सांगितली, की ती हटकून विचारतात, "रोहिणीच का?" तेव्हा मी त्यांना वर बघायला लावते.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास पूर्वेला मृग दिसतो. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, ती रेघ वर नेली की तांबूस रोहिणी लागते, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. हीच वृषभ रास. युरोपा राजकन्येला पाठीवर घेऊन क्रीटला गेलेला झ्यूसचा पांढरा बैल तो हाच, असं ग्रीक मानत. रोहिणी त्याचा डोळा. हा तारा आपल्यापासून 65 प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा व्यास सूर्याच्या चाळीसपटींहून अधिक आहे.

चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे आणि 18.6 वर्षांत हा कल एक फेरा पूर्ण करतो. त्यामुळे पहिल्या प्रतीचे चारच तारे चंद्राआड जाऊ शकतात: रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. त्यांत रोहिणी सर्वांत तेजस्वी. एरवी चंद्र तिच्यापासून दहा अंश दुरूनही जातो. पण फेरा जुळला की तीन-साडेतीन वर्षं दर महिन्याला, पृथ्वीवर कुठून ना कुठून, तो तिला झाकताना दिसतो. 2015 ते 2018 मध्ये हेच घडलं. हे पाहणाऱ्या कुणीतरी ती गोष्ट रचली असावी, असं मला मनापासून वाटतं.

या भेटींनी विज्ञानालाही काही दिलं आहे. इ.स. 509 मध्ये अथेन्समधून असंच एक पिधान, म्हणजे चंद्राने रोहिणीला झाकणं, दिसल्याची नोंद होती. ती आणि जुन्या ताऱ्यांच्या याद्या तपासून एडमंड हॅली यांनी 1718 साली दाखवून दिलं, की रोहिणी जागची सरकली आहे. 'स्थिर' म्हणवले जाणारे तारेही चालतात!

रोहिणीच्या पिधानांची पुढची मालिका 2033 साली सुरू होईल. तोवर पंचांगात रोहिणी नक्षत्र असलेली रात्र बघा आणि मुलांना घेऊन गच्चीवर जा. रास पत्रिकेत वाचण्याआधी ती आकाशात पाहिलेली असावी.