चमचाभर साखर आणि दहा बैठका

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हंगामात गुळाचे रवे थप्प्या लावून ठेवलेले असतात. गोडाच्या या गावात एक गोष्ट मला फार नवलाची वाटते: धडधाकट माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम एक चहाचा चमचा. रक्त साधारण ५ लिटर, उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे साखर १०० मिलिग्रॅमच्या आत. करा हिशेब, ५ ग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि दुपारी दोन भाकऱ्या नि वाटीभर भात खाल्ला की १०० ग्रॅमच्या आसपास साखर याच रक्तातून वाट काढते. तरी निरोगी माणसाच्या रक्तात चमच्याचे दोन चमचे सहसा होत नाहीत.

मग एवढी साखर जाते कुठे? बरीचशी स्नायूंत. तिथे ती ४०० ग्रॅमपर्यंत साठते. यकृतात त्याच्या चौथाई. स्नायूची पेशी म्हणजे अडत्याचं गोदामच, फक्त त्याची दारं भिंतीत बसवलेली नसतात, आत ठेवलेली असतात. इन्शुलिनचा सांगावा आला की ती सरकत भिंतीला येतात आणि साखर आत शिरते. शास्त्रज्ञ या दारांना ग्लूट-४ म्हणतात. टाइप-२ मधुमेहात सांगावा येतो, पण पेशी त्याला नीट दाद देत नाही.

खरं आश्चर्य पुढेच आहे. स्नायू आकुंचन पावला की हीच दारं इन्शुलिनची वाट न बघता भिंतीला येतात. आकुंचनाच्या वेळी पेशीत कॅल्शियम उसळतं, ऊर्जा खर्ची पडते, आणि त्या खुणांवरूनच दारं हलतात. इन्शुलिन जिथे कमी पडतं त्या शरीरातही ही दुसरी वाट बरीचशी शाबूत असते. औषधाच्या दुकानात न मिळणारी ही सोय प्रत्येकाच्या मांडीत आहे!

२०२४ साली चीन आणि फिनलंडच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १८ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी साडेआठ तास बसवलं. एके दिवशी नुसतंच बसायचं; एके दिवशी सलग अर्धा तास चालायचं; एके दिवशी दर ४५ मिनिटांनी तीन मिनिटं चालायचं; आणि एके दिवशी दर ४५ मिनिटांनी दहा उठाबशा काढायच्या. नुसत्या बसण्याच्या तुलनेत शेवटच्या दोन्ही दिवशी साखरेची चढण सुमारे २१ टक्क्यांनी कमी भरली. सलग अर्ध्या तासाच्या चालण्यापेक्षाही हा फरक सरस होता. माणसं थोडी आहेत, स्त्रिया नाहीत, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण २०२२ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही बसण्यात मधूनमधून दोन ते पाच मिनिटांचं चालणं आणलं तर साखर कमी चढते, हेच दिसलं होतं.

दहा उठाबशा! गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला कोवळा पोरगा याला मोजणीतही धरणार नाही. बैठक मारताना तो चवड्यावर येतो, टाचा उचलतो, हात झुलवत खाली जातो आणि त्याच झोकात वर येतो. मांड्या आणि नितंब, शरीरातले सगळ्यांत थोराड स्नायू, एकदम कामाला लागतात. गोदाम जितकं मोठं, तितकी साखर जास्त ओढली जाणार.

आपल्याला हे कळणं जास्तच गरजेचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसांत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आले. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीतून देशातल्या मधुमेहींचा अंदाज आला तो १० कोटी १० लाखांचा.

गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठणं-बसणंही चालेल. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरूही शकते. चांगला व्यायाम झाला की आकुंचनाने आलेली दारं दोन-तीन तासांत माघारी जातात, पण स्नायू इन्शुलिनचा सांगावा पुढचा दिवसभर, कधी दोन दिवसही, जास्त तत्परतेने ऐकतो. रात्री तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हासुद्धा.