सोलची स्वतःची वेळ

1422 सालच्या चांद्र नववर्षाचा पहिला दिवस. कोरियाच्या चोसन घराण्याचा राजा सेजोंग शोकाची पांढरी वस्त्रे नेसून इन्जोंगजोन या दरबारमहालापुढच्या दगडी चौथऱ्यावर आला होता. दरबारीही पांढऱ्या वेषात जमले होते. सूर्यग्रहण लागायचे होते, आणि ग्रहण म्हणजे राज्यकर्त्याला आकाशाने दिलेली समज, असे तिथे मानले जाई. ग्रहण सुटल्यावर राजाने पायऱ्या उतरून सूर्याला चार वेळा वंदन केले. विधी पार पडला, पण ग्रहणाचे गणित मात्र एका ‘गाक’ने चुकले होते. दिवसाचे शंभर समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे गाक, आपल्या हिशेबाने चौदा मिनिटे आणि काही सेकंद. हे गणित करणाऱ्या यी चोनबोंगला फटक्यांची शिक्षा झाली. चोसन राजवटीच्या इतिवृत्तात, ‘सिल्लोक’मध्ये, ही नोंद आजही वाचायला मिळते.

चौदा मिनिटांसाठी माणसाला फटके मारणे क्रूरच होते. शिवाय दोष त्या एकट्याचा म्हणता येत नाही. चिनी पंचांगाची गणितपद्धत कोरियात पोहोचली होती, पण ती तळापासून उलगडून सांगू शकणारे लोक दरबारात नव्हते. त्यातली कोष्टके बेतलेली होती ती चिनी राजधानीसाठी. चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ असल्याने जागा बदलली की सूर्याच्या तुलनेत तो किंचित सरकलेला दिसतो, त्यामुळे सूर्यग्रहणाच्या वेळाही गावोगाव बदलतात. दिवस-रात्रीची लांबी अक्षांशावर ठरते. बीजिंग 40 अंशांजवळ आहे, तर सोल साडेसदतीस अंशांवर. दुसऱ्याच्या गावाचे आकाश घेऊन आपल्या गावाची वेळ काढायची, तर चूक होणारच.

सेजोंगच्या कारकिर्दीतले खगोलशास्त्र समजून घ्यायचे तर ही अडचण आधी लक्षात घ्यायला हवी. आकाश निरखण्याची परंपरा कोरियात त्याच्या फार आधीपासून होती. ग्योंगजू शहरात सातव्या शतकात, राणी सोनदोकच्या काळात बांधलेला चोमसोंगदे हा सुमारे नऊ मीटर उंचीचा दगडी मनोरा अजून उभा आहे. सेजोंगचे आजोबा थेजो यांनी 1395 मध्ये काळ्या शिळेवर 1467 ताऱ्यांचा नकाशा कोरून घेतला. त्यात तेजस्वी तारे मोठे आणि मंद तारे लहान दाखवलेले आहेत. हा नकाशा कोगुर्यो राज्याच्या त्याहून पुष्कळ जुन्या नकाशावर आधारलेला होता. निरीक्षण होते, नोंदी होत्या. पण राजधानीच्या अक्षांशावरून स्वतः मोजून, त्या मोजमापावर स्वतःचे गणित उभे करण्याचे काम झाले नव्हते.

1432 मध्ये सेजोंगने ते काम हाती घेतले. जुने ग्रंथ धुंडाळण्याची जबाबदारी जोंग इन्जी आणि जोंग छो या विद्वानांवर आली, यंत्रे घडवण्याची देखरेख यी छोन या सेनाधिकाऱ्याकडे. पहिले यंत्र लाकडाचे केले, कारण धातू ओतण्याआधी आराखडा बरोबर आहे की नाही हे पाहायचे होते. त्या यंत्राने राजधानीतून ध्रुवाची उंची मोजली. ती सुमारे 38 अंश भरली. तेव्हाच्या मापात वर्तुळाचे 360 नव्हे, तर सूर्याच्या वार्षिक फेरीनुसार तीनशे सव्वापासष्ट अंश धरत. आजच्या मापात हा आकडा साडेसदतीस अंशांच्या आसपास येतो, आणि सोलचा अक्षांशही तोच आहे. हा आकडा मला या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढचे प्रत्येक यंत्र त्याच्यावर उभे आहे. लाकडी यंत्र खरे ठरल्यावर तेच काशात ओतले गेले आणि ग्योंगबोक राजवाड्यात वेधशाळेसाठी दगडी चौथरा बांधला गेला.

1434 मध्ये त्याच राजवाड्यात ‘जाग्योंगनू’ हे आपोआप टोल देणारे जलघड्याळ सुरू झाले. ते घडवणाऱ्या जांग योंगसिलची आई नर्तकी-गणिका होती, वडील चीनमधून आलेले. आईच्या दर्जामुळे तो तोंगने या गावातला सरकारी गुलाम ठरला होता. सेजोंगने त्याच्या हातातली कला ओळखली, दरबाऱ्यांचा विरोध बाजूला ठेवून त्याला पद दिले, आणि घड्याळ तयार झाल्यावर आणखी वर चढवले.

साधे जलघड्याळ कोरियात आधीपासून होते. भांड्यातून ठरावीक धारेने पाणी दुसऱ्या भांड्यात पडते, त्यातली तरंगती दांडी वर चढते आणि दांडीवरच्या खुणांवरून वेळ कळते. पण ती खूण वाचायला माणूस लागे, आणि रात्री त्याला डुलकी लागली की शहराची वेळ चुके. चूक झाली की त्याला शिक्षा. या लोकांची त्या शिक्षेतून सुटका व्हावी, हे घड्याळ करवून घेण्यामागचे एक कारण म्हणून इतिवृत्तात नोंदले आहे. फटके खाणाऱ्या गणितज्ञापासून सुरू झालेल्या या प्रयत्नांत राजाला हेही सुचले, याचे मला विशेष वाटते.

मुख्य अडचण होती जोराची. तरंगणारी दांडी हळूहळू वर येते, तिच्यात घंटा वाजवण्याइतकी शक्ती नसते. जांग योंगसिलने त्या दांडीला फक्त एक हलके काम दिले: वाटेतल्या खोबणीतली छोटी तांब्याची गोळी ढकलून मोकळी करायची. ती गोळी घरंगळत जाऊन कोंबडीच्या अंड्याएवढ्या लोखंडी गोळ्याची अडकण उघडी. जड गोळा उंचावरून पडे, तरफांवर आदळे, आणि त्याच्या वजनाने लाकडी बाहुला हात उचलून टोला देई. म्हणजे वेळ पाण्याने मोजायची आणि कष्टाचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे. एक सूक्ष्म हालचाल आधीच साठवून ठेवलेली मोठी शक्ती मोकळी करते, हे तत्त्व पुढे विजेच्या रिलेपर्यंत पोहोचले आहे. गोळ्या टाकून आवाज करणारी घड्याळे पश्चिम आशियात अल-जझारीने 1206 मधल्या ग्रंथात वर्णिली होती. त्या परंपरेचा धागा मंगोलकालीन चीनमार्गे कोरियाला पोहोचला असावा, असे अभ्यासक मानतात. पण चोसनच्या कालमापनात ती यंत्रणा बसवणे हे स्वतंत्र काम होते, कारण तिथे दोन प्रकारची वेळ एकाच वेळी दाखवायची होती.

एक वेळ दिवसाच्या बारा समान भागांची. त्यासाठी एक बाहुला घंटा वाजवी आणि खालून त्या भागाची पाटी घेतलेला दुसरा बाहुला वर येई. दुसरी वेळ रात्रीची. सूर्यास्तानंतरच्या अंधारापासून पहाटेपर्यंत रात्रीचे पाच प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे पाच भाग, असे एकूण पंचवीस. प्रहराला ढोल, भागाला झांज. हिवाळ्यात रात्र लांबते म्हणून हे भागही लांबतात, उन्हाळ्यात आखडतात, तेव्हा गोळ्या अडकवणाऱ्या पट्ट्या ऋतूनुसार बदलाव्या लागत. या आवाजांवरून वेळ राजवाड्याच्या दरवाजापर्यंत आणि तिथून शहराच्या मध्यावरच्या मोठ्या घंटेपर्यंत पोहोचे. रात्री 28 टोल झाले की वेशी बंद, पहाटे 33 झाले की उघड्या. सगळ्या राजधानीची ये-जा अशी पाण्याच्या धारेला बांधलेली होती.

दिवसा ऊन असताना तर सामान्य माणसालाही वेळ पाहता येत होती. त्याच 1434 मध्ये हेजोंग पुलाजवळ आणि राजघराण्याच्या जोंगम्यो मंदिरालगतच्या रस्त्यावर सेजोंगने ‘आंगबू इलगू’ ही सूर्यघड्याळे बसवली. आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या कढईसारखे हे यंत्र. आतल्या काठावरून ध्रुवाकडे रोखलेला काटा, आणि त्याच्या टोकाची सावली अर्धगोलाच्या आतल्या रेघांवर. आकाश जसे गोल दिसते तसाच सावलीचा पृष्ठभाग गोल असल्यामुळे ताशी रेघांमधले अंतर सपाट तबकडीप्रमाणे ताणले जात नाही. आडव्या रेघा ऋतूंच्या. सौर वर्षाचे चोवीस टप्पे, पण रेघा तेराच: दोन अयनबिंदूंच्या दोन, आणि उरलेल्या बावीस टप्प्यांच्या जोडीजोडीने अकरा, कारण सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीवरून जातो. एका सावलीत दिवसाची वेळही कळे आणि पेरणी-कापणीचा हंगामही. बारा भागांची नावे लिहिण्याऐवजी तिथे उंदीर, बैल, वाघ अशा बारा प्राण्यांची चित्रे काढली होती. कोरियन लिपी सेजोंगने 1443 मध्ये तयार केली, त्याला अजून अवकाश होता. चिनी अक्षरे न वाचता येणाऱ्याला रस्त्यावर उभे राहून वेळ कळावी म्हणून केलेली ही सोय त्या काळातल्या कुठल्याही दरबारासाठी असाधारण होती.

1437 मध्ये दिवसा सूर्यावरून आणि रात्री ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यावरून वेळ सांगणारे ‘इलसोंग जोंगसी’ यंत्र चार प्रतींत तयार झाले. दोन राजधानीत राहिली, दोन उत्तर सीमेवरच्या सेनापतींकडे गेली. 1442 मध्ये सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांच्या गतीचे गणित सांगणारा ‘चिलजोंगसान’ हा ग्रंथ दोन भागांत सिद्ध झाला. एक भाग चिनी पद्धतीवर उभा आहे, दुसरा अरबी-इस्लामी पद्धतीवर. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा त्यात सोलच्या आहेत.

हे सगळे उघडपणे मिरवता येत नव्हते. चोसन हे चीनच्या मिंग सम्राटाचे मांडलिक राज्य होते आणि पंचांग जाहीर करणे हा सम्राटाचा अधिकार. चिनी दूतांच्या मेजवान्या ज्या ग्योंगहोई महालात होत, त्याच्या शेजारीच वेधशाळेचा चौथरा होता. तो त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून सेजोंगने तिथून उत्तरेला हलवायला लावला. ज्या राजाने वेळ रस्त्यावर आणून ठेवली, त्याला ती मोजण्याची जागा लपवावी लागली.

जांग योंगसिलचा शेवट दुःखद आहे. 1442 मध्ये त्याच्या देखरेखीखाली बनलेली राजाची पालखी मोडली. शंभर फटक्यांची शिक्षा झाली, राजाने ती ऐंशीवर आणली. त्यानंतर त्याचा उल्लेख इतिवृत्तात येत नाही. जाग्योंगनू दुरुस्त करू शकणारा दुसरा माणूस मिळाला नाही आणि 1455 मध्ये त्याचे आपोआप टोल देणे थांबले. 1536 मध्ये नवे घड्याळ बनवले, त्याची मोठी भांडी सोलमध्ये जपली आहेत. 1592 च्या जपानी स्वारीत ग्योंगबोक राजवाडा जळाला आणि सेजोंगची यंत्रे नाहीशी झाली. इतिवृत्तातल्या तपशीलवार वर्णनावरून नाम मूनह्योन या विद्युत अभियंत्याने अनेक वर्षे खपून जाग्योंगनूची चालती प्रतिकृती 2007 मध्ये उभी केली. 2021 मध्ये सोलच्या इन्सादोंग भागात उत्खननात सुमारे 1600 धातूच्या छपाई-खिळ्यांबरोबर जलघड्याळाच्या गोळ्या सोडणाऱ्या यंत्रणेचे भाग आणि इलसोंग जोंगसी यंत्राच्या कड्यांचे तुकडे सापडले. तोवर केवळ शब्दांत असलेली रचना पहिल्यांदा हातात घेऊन तपासता आली.

यंत्रे गेली, नोंदी उरल्या. 11 मार्च 1437 च्या रात्री सोलच्या निरीक्षकांना वृश्चिकाच्या शेपटीत, आपल्या मूळ नक्षत्राच्या भागात, एक नवा तारा दिसला. कोणत्या दोन ताऱ्यांच्या मध्ये, हे त्यांनी लिहिले. तो चौदा दिवस दिसला, हेही लिहिले. खगोलशास्त्रज्ञ मायकेल शारा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा माग प्रसिद्ध केला. वृश्चिकात वायूचे एक फिकट कवच आहे आणि जवळच श्वेतबटू असलेली ताऱ्यांची जोडी आहे. ती आज कवचाच्या मध्यावर नाही. हार्वर्डच्या संग्रहातल्या, आकाशाचे छायाचित्र असलेल्या 1923 च्या काचपट्टीवरून तिची आकाशातली गती काढून मागे नेली, तर 1437 मध्ये ती बरोबर मध्यावर येते. हीच जोडी 1930 आणि 1940 च्या दशकांतल्या काचपट्ट्यांवर लहान भडके दाखवते. मोठा स्फोट करणारा नवतारा आणि अधूनमधून उजळणारा बटू-नवतारा या दोन वेगळ्या जाती नसून एकाच जोडीच्या आयुष्यातल्या अवस्था असाव्यात, या मताला त्यातून भक्कम पुरावा मिळाला. स्फोटाची तारीख नक्की ठाऊक असल्याशिवाय हा हिशेब मांडताच आला नसता.