‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ थायमोसिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘पेप्टाइडचं इंजेक्शन घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल,’ असा सल्ला हल्ली जिममध्येही मिळतो, आणि त्याची मला काळजी वाटते. थायमोसिन अल्फा-१ हे त्यातलं एक पेप्टाइड खरोखरच औषध आहे. म्हणून तर त्याच्याबद्दलचे गैरसमज पटकन पटतात.

छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होतात. ॲलन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी वासरांच्या थायमसमधून हे पेप्टाइड वेगळं केलं आणि १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. २८ अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे प्रोथायमोसिन अल्फा या मोठ्या प्रथिनाचा सुरुवातीचा तुकडा. आजचं औषध मात्र वासरांपासून काढत नाहीत, ते रासायनिक पद्धतीने बनवतात. गोळी घेऊन भागत नाही, कारण पोटात पेप्टाइड पचून जातं.

‘शरीरातलंच आहे, मग अपाय कसला?’ इंटरल्यूकिन-२ सुद्धा शरीरातलंच. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली, पण मोठ्या मात्रेत रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तदाब कोसळतो. गंमत म्हणजे अल्प मात्रेत तेच रेणू प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढवतात! प्रतिकारशक्ती ही भरत जायची टाकी नव्हे.

थायमोसिन अल्फा-१ला चीनसह अनेक देशांत हेपटायटिस-बीसाठी मान्यता आहे, अमेरिकेच्या एफडीएची नाही. जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्या सेप्सिसमध्येही ते जीव वाचवेल, अशी मोठी आशा होती. चीनमधल्या ३६१ रुग्णांच्या चाचणीत (२०१३) औषध घेतलेल्यांपैकी २६ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. मग तिथल्याच २२ केंद्रांत ११०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले : २८ दिवसांतले मृत्यू औषध घेतलेल्यांत २३.४ टक्के, न घेतलेल्यांत २४.१. फरक उरलाच नाही.

नावातल्या साम्यानेही घोळ होतो. थायमोसिन बीटा-४ हे ४३ अमिनो आम्लांचं वेगळंच पेप्टाइड आहे, आणि खेळाडूंना ते उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे.

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर नवा अवयव टिकावा म्हणून डॉक्टर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. अशा रुग्णाला थायमोसिन अल्फा-१ देऊ नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. घरातल्या कुणी मायेने ते आणून टोचलं, तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारण्याचा धोका असतो.