कूस बदलण्याचे शास्त्र

रात्री आपण सात-आठ तास झोपतो, पण सकाळी पाठीला किंवा टाचेला जखम झालेली नसते. याउलट पक्षाघातामुळे किंवा खुब्याचे हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडापाशी काही तासांतच चट्टा उठू शकतो. दुर्लक्ष झाले, तर काही दिवसांत तेथे हाडापर्यंत पोचणारी जखम होते. हिलाच शय्याव्रण, रोजच्या बोलण्यात बेडसोअर, म्हणतात. गादी तीच, चादर तीच. मग हा फरक कशामुळे पडतो?

‘आजारच तसा, त्याला इलाज नाही’ हे उत्तर आपण पुष्कळ घरांत ऐकतो. त्याबरोबर पाठीला स्पिरिट चोळणे, पावडर लावणे, खाली रबरी रिंग ठेवणे हे उपायही चालू असतात. या प्रश्नाचे नेमके उत्तर शोधण्यात परिचारिकांनी केलेल्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. ती हकिकत आपण येथे पाहू.

दोष आजाराचा की दाबाचा?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील नामवंत मेंदूतज्ज्ञ शार्को यांचे मत असे होते, की मज्जासंस्थेला इजा झाल्यामुळे त्वचा आपोआप मरते. हे खरे मानले, तर शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून याच्या विरुद्ध निष्कर्ष काढला होता. पांगळ्या झालेल्या प्राण्यावर दाब पडू दिला नाही आणि त्याला कोरडे, स्वच्छ ठेवले, तर व्रण होत नाहीत, असे त्यांना आढळले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९ साली शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेतील उणिवेचा असतो, असे स्पष्ट म्हटले होते.

दाबामुळे नेमके काय होते? अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबून पाहा. ते पांढरे पडते आणि सोडताच पुन्हा गुलाबी होते. दाबामुळे नखाखालच्या केशवाहिन्यांतील रक्त बाजूला सरते. दाब बराच वेळ टिकला, तर तेथील पेशींना प्राणवायू मिळत नाही, टाकाऊ पदार्थ साचतात आणि पेशी मरू लागतात.

१९३० साली लँडिस यांनी माणसाच्या नखाजवळील केशवाहिन्यांतील दाब प्रत्यक्ष मोजला. रक्त जेथे आत शिरते त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ ग्रॅम वजनाइतका होतो. आता ६० किलो वजनाचा माणूस उताणा झोपला आहे आणि त्याचे ५,००० चौरस सेंटिमीटर अंग गादीला टेकले आहे, असे धरू. भार सगळीकडे सारखा वाटला गेला, तर दर चौरस सेंटिमीटरला फक्त १२ ग्रॅम येतात. पण भार असा सारखा वाटला जात नाही. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे येथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस थोडे असते. तेवढ्याच जागी दाब सरासरीच्या कितीतरी पट होतो. व्रण नेमके तेथेच होतात.

रात्रभर मोजलेल्या हालचाली

मग निरोगी माणसाला व्रण का होत नाही? कारण तो झोपेतही स्थिर नसतो. एक्स्टन-स्मिथ आणि शेर्विन यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० वृद्ध रुग्णांच्या रात्रीतील हालचाली पलंगाला जोडलेल्या यंत्राने मोजल्या होत्या. रात्रीत ५० हून अधिक वेळा हालचाल करणाऱ्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २० किंवा त्याहून कमी हालचाली करणारे १० जण होते; त्यांतील ९ जणांना झाला. दाब वाढला की शरीर नकळत कूस बदलते. हे काम ज्याचे शरीर करू शकत नाही, त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

पाच प्रश्न, वीस गुण

पण वॉर्डात रुग्ण अनेक आणि परिचारिका थोड्या. जास्त धोका कोणाला, हे आधी कसे ओळखावे? लंडनमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी मॅक्लॅरन आणि एक्स्टन-स्मिथ यांच्यासह हा प्रश्न हाती घेतला. त्यांचा अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला. वृद्ध रुग्णांची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांना व्रण झाले आणि त्यांतले बहुतेक दाखल झाल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांतच झाले. त्वचेला लावायची निरनिराळी औषधेही त्यांनी तपासली. त्यांनी विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो नियमित कूस बदलण्याने.

नॉर्टन यांनी धोका ओळखण्यासाठी पाच गोष्टी ठरवल्या: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. एकूण २० गुण म्हणजे धोका कमी; १४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे विशेष काळजी हवी. यासाठी ना यंत्र लागते, ना प्रयोगशाळा. लागते ती रुग्णाकडे नीट पाहण्याची सवय. पुढे १९८७ साली अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी पोषण, ओलावा, अंग घासले जाणे अशा बाबी धरून सहा मुद्द्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीही आज सर्वत्र वापरली जाते.

दोन तासच का?

‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा नियम इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन यांच्या केंद्रात १९४४ नंतर मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी कसोशीने पाळला गेला आणि पुढे जगभर रूढ झाला. त्याने असंख्य जीव वाचले. पण रात्री दर दोन तासांनी रुग्णाची झोपमोड होते आणि शुश्रूषा करणाराही थकतो. मग हा आकडा प्रत्येक वेळी आवश्यकच आहे का?

त्याच बर्गस्ट्रॉम यांनी सहकाऱ्यांसह हा नियम तपासायला घेतला. अमेरिका आणि कॅनडातील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांची दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याच्या गटांत विभागणी केली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र येथे एक अट विसरून चालणार नाही. हे सर्वजण दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते आणि त्यांच्यावर नियमित लक्ष होते. घरातल्या बसक्या कापसाच्या गादीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. प्रयोग कोणत्या परिस्थितीत झाला, हे त्याच्या उत्तराइतकेच महत्त्वाचे असते.

घरी आणि वर्गात

या संशोधनातून घरी उपयोगी पडेल असे पुष्कळ मिळते. चट्टा बोटाने दाबून पांढरा पडत नसेल, तर तो धोक्याची खूण समजावा. पण ही चाचणी गोऱ्या कातडीवर सहज दिसते. आपल्या सावळ्या रंगावर लाली लपून राहते. म्हणून हात लावून पाहावे. आजूबाजूपेक्षा तो भाग गरम किंवा गार, कडक किंवा मऊ लागतो का, दुखतो का? असे असेल तर त्यावर भार टाकू नये. तो भाग चोळूही नये, कारण आधीच दुखावलेल्या केशवाहिन्या त्याने आणखी फाटतात. मधोमध भोक असलेली रिंगही टाळावी. ती भोवतालच्या कडेवर दाब आणून मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोडते. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढत न सरकवता उचलून हलवावे. फोड आला किंवा कातडी फाटली, तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवावे.

वर्गात दाब हा धडा शिकवताना आपण खिळा आणि सुरी यांची उदाहरणे देतो. त्यांच्या जोडीला हे उदाहरण जरूर घ्यावे. विद्यार्थ्यांना स्वतःचे वजन आणि अंदाजे टेकलेले क्षेत्रफळ घेऊन वरचे गणित करायला सांगावे. मग तेच वजन फक्त टाचांवर आले तर काय होईल, ते काढायला सांगावे. ज्याच्या घरी आजोबा किंवा आजी अंथरुणावर आहेत, असा एखादा विद्यार्थी वर्गात असतोच. कूस बदलायला हात लावताना आपण नेमके काय करतो आहोत, हे त्या दिवशी त्याला समजलेले असेल.